बालकांचा श्वास मोजावा

आषाढात मावळात पावसाची झड लागली, की आम्हा वैद्यांकडे खोकणारी बालके वाढतात. बहुतेकांस साधा प्रतिश्याय वा कास असतो. एखाद्यास मात्र न्यूमोनिया. आंदर वा पवन मावळातील आडगावाहून लोणावळा-तळेगावचे रुग्णालय गाठण्यास वेळ लागतो, म्हणून ते एक बालक वेळीच ओळखणे हे आम्ही प्रथम कर्तव्य मानतो.

ही ओळख केवळ स्टेथोस्कोपने होते असे नव्हे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील आरोग्यसेवक व सुइणींनाही श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्यास व प्रतिजैविक देण्यास शिकविले. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, त्यांनी उपचार केलेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते; तुलनेच्या गावांत १३.५ टक्के. सुईण जे करू शकते, ते पदवीधर वैद्याने न करणे आम्हास पटत नाही.

बालक शांत असता पोट उघडे करून पूर्ण एक मिनिट मोजावे. रडताना वा स्तनपान करताना नव्हे. दोन महिन्यांखालील बालकात ६०, वर्षाखालील बालकात ५० आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक श्वास म्हणजे गती वाढलेली. माता 'पोट उडते' म्हणते तेव्हा खालच्या फासळ्या आत ओढल्या जातात काय, हे पाहावे. तसे असल्यास, अथवा बालक पीत नसल्यास, निपचित वा निळसर पडल्यास, झटके आल्यास तत्काळ रुग्णालयात धाडावे. दोन महिन्यांखालील बालकात वाढलेली गतीही त्यास पुरेशी. धापा टाकणाऱ्या तान्ह्याच्या मुखात काढा वा चाटण घालू नये; ते श्वासमार्गात जाण्याचे भय असते.