पालवणकर बाळू : चेंडूला विटाळ नव्हता, पेल्याला होता

आपल्याकडे समाजक्रांतीचा इतिहास लिहिताना तळी, मंदिरे, शाळा, पाणवठे यांचा विचार होतो. तो व्हायलाच हवा. परंतु ज्या मैदानावर हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत एका अस्पृश्य माणसाने वीस वर्षे आपले श्रेष्ठत्व सिद्ध केले, त्या मैदानाकडे आपण फारसे वळलेलो नाही. खेळ म्हणजे करमणूक, चळवळीशी त्याचा काय संबंध, असा एक समज आपल्यातही आहे. पालवणकर बाळू यांची गोलंदाजी नीट समजून घेतली की हा समज टिकत नाही.

आधी आकडे पाहू. बाळू प्रथम श्रेणीचे 33 सामने खेळले. त्यांत त्यांनी 179 बळी घेतले आणि प्रत्येक बळीमागे सरासरी 15.21 धावा दिल्या. कोणत्याही काळातल्या गोलंदाजाने अभिमानाने सांगावी अशी ही कामगिरी आहे. भारत पहिला अधिकृत कसोटी सामना 1932 साली खेळला. तेव्हा बाळूंनी साठीकडे वाटचाल सुरू केली होती. म्हणून कसोटी खेळाडूंच्या यादीत त्यांचे नाव नाही, आणि ज्यांचा इतिहास त्या यादीपासूनच सुरू होतो त्यांना बाळू भेटतच नाहीत.

ही गोलंदाजी होती कशी? उजव्या हाताचा लेगस्पिनर मनगट फिरवून चेंडू असा सोडतो, की टप्पा पडल्यावर तो फलंदाजाच्या पायांकडून बाहेर, ऑफच्या दिशेने निघतो. बाळू डावखुरे होते. डावखुऱ्या गोलंदाजाला तीच दिशा मनगटाऐवजी बोटांनी साधता येते. तर्जनीने शिवण ओढली, की चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजापासून दूर वळतो. म्हणजे वळण लेगस्पिनचेच, पण त्यावर ताबा अधिक. नुसते वळवून मात्र बळी मिळत नाही. चेंडू हवेत थोडा रेंगाळला पाहिजे, फलंदाजाला तो आपल्या टप्प्यात आहे असे वाटले पाहिजे, आणि त्याने पाऊल पुढे टाकले की चेंडू तिथे नसला पाहिजे. बाळू थोडी पावले चालत येत, वेग सतत बदलत, आणि अधूनमधून उलट दिशेने, आत वळणारा चेंडूही टाकीत. टप्प्याची अचूकता हे त्यांचे खरे शस्त्र होते. अशी अचूकता कोणाला वरदान म्हणून मिळत नाही. हजारो चेंडू टाकूनच ती हाताला येते.

हे हजारो चेंडू त्यांनी कोठे टाकले, हा प्रश्न आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बाळूंचा जन्म 1876 साली धारवाडला, चांभार समाजात झाला. वडील लष्कराच्या नोकरीत होते. पुण्यास आल्यावर अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि शिवराम हे भाऊ खेळायला शिकले. बाळूंना पहिली नोकरी पारशांच्या क्रिकेट क्लबात मिळाली. खेळपट्टी झाडायची, लाटायची आणि सभासदांना अधूनमधून चेंडू टाकायचे, हे त्यांचे काम. पगार महिना तीन रुपये. 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तिथे चार रुपये मिळू लागले. नेट बांधायचे, खेळपट्टी तयार करायची आणि मग साहेबांना तासन्तास गोलंदाजी करायची. त्या काळचे नामांकित फलंदाज कॅप्टन ग्रेग इतरांच्या आधी तासभर येऊन केवळ बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळूंनी आपल्याला बाद केले की ते आठ आणे देत, अशी कथा आहे.

या चित्रात एक गोष्ट ठळक दिसते. त्या क्लबात बाळूंच्या हातात कधी बॅट दिली गेली नाही. फलंदाजी साहेबाची, गोलंदाजी नोकराची. एकाने उभे राहून टोलवायचे, दुसऱ्याने घाम गाळून चेंडू पुरवायचा. श्रमाची जी वाटणी गावगाड्यात होती तीच नेटमध्ये आली. फरक इतकाच, की नेटमध्ये श्रमाला उत्तर देण्याची संधी होती. गावगाड्यात वेठ कितीही चोख केली तरी पाटलाचा त्रिफळा उडत नाही. इथे तो उडत होता. चार रुपयांच्या मजुरीतून बाळूंनी एक विद्या कमावली आणि ती साहेबाच्याच विकेटवर तपासून घेतली.

पुण्यातल्या हिंदू संघापुढे मग पेच उभा राहिला. युरोपियनांना हरवायचे तर बाळू हवेत, आणि बाळूंना घ्यायचे तर विटाळ होतो. काही ब्राह्मण खेळाडूंचा विरोध होता, तरी शेवटी जिंकण्याची गरज वरचढ ठरली. पण कशी? मैदानात बाळू टाकतील तो चेंडू सर्वांनी हाताळायचा. चहाच्या वेळी मात्र इतरांनी आत चिनी मातीच्या पेल्यातून प्यायचे आणि बाळूंना बाहेर, वापरून टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा द्यायचा. त्यांचे जेवण वेगळे. तोंड धुवायचे असेल तर कोपऱ्यात, अस्पृश्य नोकराने पाणी आणून द्यायचे.

वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. क्रिकेटचा चेंडू चामड्याचा असतो. कमावलेले चामडे ज्यांच्या हातून जाते त्यांनाच या समाजाने अस्पृश्य ठरवले. तो चामड्याचा चेंडू बाळूंच्या घामेजल्या बोटांतून सुटे, यष्टिरक्षकाच्या हाती जाई, तिथून पाच-सहा हातांतून फिरून पुन्हा बाळूंकडे येई. दिवसभरात शेकडो वेळा हा स्पर्श घडे. त्याने कोणी बाटले नाही. तोच हात चहाच्या पेल्याला लागला असता तर मात्र धर्म बुडाला असता. विटाळ वस्तूत नसतो, स्पर्शातही नसतो. समाजाला जिथे लाभ हवा तिथे तो विसरता येतो आणि जिथे पायरी राखायची तिथे आठवता येतो. शास्त्रांचा कितीही खल करून जे पटवणे कठीण, ते इथे एका चेंडूने आणि एका पेल्याने उघड केले आहे.

साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्धच्या सामन्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून यजमानांनी खेळपट्टी आठवडाभर लाटून घेतली होती, तरी बाळूंनी सात बळी घेतले. पुण्यात त्यांचा सत्कार झाला. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना हार घातल्याचे सांगितले जाते. हार गळ्यात पडला, पण मातीचे भांडे लगेच फुटले नाही. सत्कार आणि समता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या कार्यकर्त्यांनी कायम ध्यानात ठेवावे.

1896 च्या प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईस आले आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून व रेल्वेच्या संघाकडून खेळू लागले. 1906 च्या फेब्रुवारीत हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंनी 242 आणि 160 धावा केल्या. युरोपियनांचा पहिला डाव 191 वर आणि दुसरा अवघ्या 102 वर आटोपला. राज्यकर्त्यांचा 109 धावांनी पराभव झाला, आणि तो घडवण्यात बाळूंच्या फिरकीचा वाटा मोठा होता. शिवरामही त्या संघात होते. बंगालच्या फाळणीनंतरचे ते दिवस होते, त्यामुळे हा विजय राष्ट्रीय अभिमानाचा विषय झाला. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारकी पत्राने मात्र अस्पृश्य खेळाडूंना संघात घेऊन सोबत जेवू देण्याचेच मोल अधिक मानले.

1911 चा इंग्लंड दौरा हा बाळूंच्या कामगिरीचा कळस होय. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग कर्णधार होते. ते राज्यारोहणाच्या वर्षातील दरबारी समारंभांत गुंतले आणि बहुतेक सामन्यांना नव्हतेच. संघ 23 सामने खेळला, त्यांतले 15 हरला आणि केवळ 6 जिंकला. अशा पडत्या संघात बाळूंनी सर्व सामने मिळून 114 बळी घेतले, सरासरी 18.84. त्यांतले 75 बळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाचे एका डावात 8 फलंदाज त्यांनी 103 धावांत बाद केले. लीस्टरशायरविरुद्ध सामन्यात 11 बळी घेऊन संघाला विजय मिळवून दिला. सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांच्या शतकाने संघ एक गडी राखून जिंकला. तो उन्हाळा इंग्लंडात कमालीचा कोरडा होता. कडक, कोरड्या खेळपट्टीवर संथ गोलंदाजाला पावसाळी मातीची मदत मिळत नाही. हे ध्यानात घेतले म्हणजे 114 या आकड्याचे वजन कळते.

परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या प्रसंगी मानपत्र लिहून सादर करणाऱ्यांत तरुण विद्यार्थी भीमराव आंबेडकर होते, अशी नोंद आहे.

इतके सारे झाले, पण कर्णधारपद? ते बाळूंना कधीच मिळाले नाही. बळी गोलंदाज स्वतः घेतो, त्याला कोणाची शिफारस लागत नाही. कर्णधारपद मात्र समितीच्या हातचे असते, आणि समितीत कोण बसले होते हे सांगायला नको. एम. डी. पै यांनी कर्णधार झाल्यावर हा मान ज्येष्ठ बाळूंचा होता असे उघडपणे बोलून दाखवले. त्यांचा हा प्रामाणिकपणा नोंदवायला हवा. 1920 साली पैंच्या अनुपस्थितीत कर्णधारपद दि. ब. देवधरांकडे गेले आणि बाळूंना संघातून वगळले. शिवराम आणि विठ्ठल या भावांनी संघातून माघार घेतली आणि जातीमुळे अन्याय होतो असे जाहीर निवेदन काढले. पुढच्या सामन्यात बाळूंना उपकर्णधार म्हणून परत घ्यावे लागले. पै काही वेळ मैदान सोडून गेले तेव्हा बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. 1923 साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघ चौरंगी स्पर्धा जिंकला. थोरल्या भावाचे 179 बळी जे दार उघडू शकले नाहीत ते धाकट्यांच्या नकाराने उघडले. गुणवत्ता सिद्ध करा, मान आपोआप मिळेल, असा उपदेश आपल्याला नेहमी केला जातो. त्यावर याहून चोख उत्तर शोधावे लागणार नाही.

बाळूंचे पुढचे राजकारण आपण टाळू नये. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. 1937 च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना 13,245 मते मिळाली, बाळूंना 11,225. त्यांचा तो मार्ग आपल्याला पटत नाही. पण ज्या माणसाला सवर्णांनी एकाच दिवशी हार आणि मातीचे भांडे दोन्ही दिले, त्याला हृदयपरिवर्तनाची आशा का वाटली असेल, हे समजून घेणे अवघड नाही. मतभेदापायी त्यांची गोलंदाजी विसरणे हा त्यांच्यावर आणि आपल्या इतिहासावरही अन्याय होईल. 1955 च्या जुलैत मुंबईत त्यांचे निधन झाले.

2001 सालच्या 'लगान' चित्रपटात कचरा नावाचा अस्पृश्य फिरकी गोलंदाज आहे. अनेकांना त्याच्यात बाळू दिसतात. पण कचऱ्याचा चेंडू त्याच्या अधू हातामुळे आपोआप वळतो, आणि त्याची पारख करायला सवर्ण नायक लागतो. खऱ्या बाळूंचा हात अधू नव्हता. ती फिरकी चार रुपये पगारावर, वर्षानुवर्षे कष्टाने साधलेली कला होती. आपल्या माणसाचे कर्तृत्व दैवाच्या नावावर जमा होते आणि त्याची पारख दुसऱ्याच्या नावावर, हा हिशेब जुना आहे. म्हणून शिक्षकांना एवढीच विनंती, की वर्गात क्रिकेटची गोष्ट निघाली तर बाळूंचे आकडे फळ्यावर लिहावेत, शेजारी मातीच्या भांड्याची हकीकत सांगावी, आणि दोहोंचा मेळ कसा घालायचा हे मुलांनाच विचारावे.