तारीख एक, दिवस निराळे

२३ एप्रिल हा मोठा भाग्यवान दिवस! १६१६ साली याच दिवशी इंग्लंडचा शेक्सपिअर वारला आणि याच दिवशी स्पेनचा सर्व्हांटिस, असे आम्ही मास्तर मंडळी हौसेने सांगत असतो. युनेस्कोने १९९५ मध्ये हाच दिवस जागतिक ग्रंथदिन म्हणून मुक्रर केला.

पण या योगायोगात एक गोम आहे. स्पेनने पोप ग्रेगरीची सुधारलेली कालगणना १५८२ मध्येच स्वीकारली. ४ ऑक्टोबरला निजलेली माणसे तिथे उठली ती एकदम १५ तारखेला! पोपचे ऐकायचे नाही म्हणून इंग्लंड मात्र १७५२ पर्यंत जुन्याच गणनेला चिकटून राहिले. शेक्सपिअर गेला त्या दिवशी स्पेनात ३ मे होता. त्यातून सर्व्हांटिस वारला तो २२ एप्रिलला. २३ ही त्याच्या दफनाची नोंद. म्हणजे दोघांच्या मृत्यूंत अंतर अकरा दिवसांचे!

मग ग्रंथदिन खोटा ठरला काय? मला तसे वाटत नाही. आपली नाथषष्ठीच पाहा. शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला एकनाथांनी पैठणास देह ठेवला. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी यांचा जन्म, त्यांना झालेला दत्तात्रेयांचा अनुग्रह, गुरुशिष्यांची भेट आणि स्वामींचे निर्याण हेही याच तिथीचे, असे परंपरा सांगते. इतिहासकार याला दाखले मागेल. पैठणला निघालेला वारकरी मागत नाही. गुरू आणि शिष्य निराळे नव्हेत, एवढेच त्याला त्या तिथीतून म्हणायचे असते.

मात्र नाथांनी स्वतः ज्ञानदेवांचे स्मरण केले ते नुसत्या हारफुलांनी नव्हे. पोपने कालगणना सुधारल्यानंतर दोनच वर्षांनी, शके १५०६ मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची पोथी शुद्ध केली. तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून शिरलेले अपपाठ काढले आणि पुढे कोणी त्यात पदरची ओवी घालू नये, असे बजावून ठेवले. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती करतो, ती याच कामाच्या आठवणीने.

लेखकाची तारीख दहा दिवस इकडेतिकडे झाली तर बिघडत नाही. त्याचा शब्द बदलला तर बिघडते. म्हणून वाचकहो, येत्या २३ एप्रिलला मुलांना तारखेची ही गंमत जरूर सांगा. आणि मग कपाटातले एखादे पुस्तक काढून त्यांना चार पाने मोठ्याने वाचून दाखवा. सावकाश, एकही शब्द न गाळता!