बाळंतिणीचे मन आणि बाळाचा स्वभाव

मातृप्रेम उपजत असते, असे आपण म्हणतो. ते खरे, पण त्या प्रेमालाही विसावा आणि सोबत लागते, हे आपण विसरतो. कामगार चळवळीतल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. आमच्या भंडारा जिल्ह्यातील विडी बांधणारी बाई घरीच काम करते. मांडीवर सूप, शेजारी झोळीत मूल. मजुरी हजारामागे, मुलाला घ्यायला हात थांबला की मजुरीही थांबते. म्हणून हा प्रश्न आम्ही आमचाच मानतो.

प्रथम आईचे मन घेऊ. बाळंतपणानंतर थोडे दिवस उगाच रडू येणे पुष्कळ बायकांना होते व आपोआप ओसरते. पण दोन आठवडे उलटूनही उदासपणा जात नाही, अन्न गोड लागत नाही, बाळ जवळ घ्यावेसे वाटत नाही, तर तो आजार समजावा. ती बाहेरची बाधा नव्हे आणि नखरेही नव्हेत. गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतिणींची पाहणी केली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत शंभरांतील २३ जणींत हा आजार आढळला. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव आणि मुलगी झाल्याची नाराजी यांचा त्याच्याशी संबंध दिसला. अशा आयांची मुले सहा महिन्यांची होताना वजनात मागे पडण्याचा संभवही अधिक होता.

आता बाळाकडे पाहू. न्यूयॉर्कमध्ये टॉमस आणि चेस या डॉक्टर दांपत्याने १९५६ पासून अनेक मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. काही मुले शांत, काही नव्या गोष्टीला सावकाश रुळणारी, काही जात्याच किरकिरी, असे त्यांना दिसले. म्हणजे मूल किरकिरे निघाले, तर तो आईचा दोष नव्हे. त्याचा स्वभाव आणि भोवतालच्या माणसांचे वागणे यांचा मेळ बसणे महत्त्वाचे.

खिन्न आई आणि किरकिरे बाळ एकत्र आले म्हणजे रहाटगाडगे सुरू होते. आईचा प्रतिसाद उशिरा येतो, बाळ अधिक रडते, आई स्वतःलाच नालायक ठरवते आणि दोघांचे सूत जुळायला वेळ लागतो. अशा वेळी घरातल्या कोणी तासभर बाळ घेतले आणि बाईला झोपू दिले, तरी गाडगे थोडे थांबते.

पण तेवढ्याने भागत नाही. १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिताना जॉन बोल्बी यांनीही बजावले होते की, मुले हवी असतील तर समाजाने आईबापांना सांभाळले पाहिजे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाचा पुरस्कार केला होता. १९६१ च्या कायद्याने १२ आठवड्यांची पगारी रजा दिली. २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवडे झाली. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी विडी बांधणारीलाही या लाभात घेतले. परंतु ठेकेदाराच्या वहीत जिचे नावच नाही, तिने हा हक्क सिद्ध कसा करावा? वहीत नाव चढवणे हेही बाळाचेच संगोपन आहे, असे आम्ही मानतो.

आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत घरी येतात. बाळाचे वजन होते; त्याच वेळी आईलाही विचारावे, "बाई, तुला कसे वाटते?" तिला जगणे नकोसे वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. मदतीसाठी १४४१६ हा सरकारी दूरध्वनी आहे. आईला बोल लावण्याआधी तिचा भार कोण उचलतो, हे प्रत्येक घराने स्वतःस विचारावे.