मुंबईची नोकरी सोडून गावी परतताना

महाड व पोलादपूर तालुक्यांत ज्या घरातील एकही माणूस मुंबईस नोकरीला गेला नाही, असे घर विरळाच. डोंगरउतारावरील वरकस जमीन, पावसाळ्यातील एकच भातपीक आणि पिढ्यान्‌पिढ्या होत गेलेल्या वाटण्या यांमुळे घरचे धान्य वर्षभर पुरत नसे. म्हणून पुरुष गिरणीत किंवा गोदीत लागला आणि गावचा संसार मनिऑर्डरीवर चालू लागला. गणपतीला व शिमग्याला येणारा हा माणूस गावाचा ‘चाकरमानी’ झाला.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर अनेकांना पुन्हा काम मिळालेच नाही व कोकणातील कित्येक कामगारांना गावची वाट धरावी लागली. 2020 च्या टाळेबंदीतही माणसे अशीच परतली. ते परतणे नाइलाजाचे होते. आज मात्र शहरातील धावपळीस कंटाळून, मुलाबाळांसह गावी स्थिर व्हावे असे स्वेच्छेने ठरविणारेही आहेत. हा विचार स्वागतार्ह आहे. परंतु शहराचा कंटाळा हे शेतीचे भांडवल नव्हे. नोकरी सोडण्यापूर्वी चार गोष्टींचा विचार होणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट जमिनीची. सात-बाराच्या उताऱ्यावर चुलते, चुलतभाऊ, आत्या अशी अनेकांची नावे असतात. सामाईक जमिनीत एकट्याने कलमे लावली, तर ती फळास येताच तंटा उभा राहतो. यासाठी वारसनोंदी आधी पूर्ण कराव्यात आणि रीतसर वाटणी करावी, अथवा सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी.

दुसरी गोष्ट उत्पन्नाच्या काळाची. वरकस जमिनीत काजू सात मीटर व आंबा दहा मीटर अंतराने लावल्यास हेक्टरी अनुक्रमे सुमारे 200 व 100 कलमे बसतात. वेंगुर्ला-4 व वेंगुर्ला-7 या काजूच्या जाती कोकणास मानवल्या आहेत. शासनाच्या फळबाग योजनांतून लागवडीस अनुदान मिळते. परंतु घर चालेल इतके उत्पन्न हाती येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. तोवर भात, भातानंतर अंगओलीवर वाल, परसात भाजीपाला व कोंबड्या यांवर भिस्त ठेवावी. भाताची लावणी चारसूत्री पद्धतीने केल्यास खताचा अपव्यय टळतो. घरातील एकाची नोकरी पहिली काही वर्षे चालू राहिली, तर कर्जाची वेळ येत नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. या भागात वर्षाकाठी 3000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तरीही चैत्रात वाड्यावस्त्यांवर पाण्याची टंचाई भासते. कलमांना पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावे लागते. पावसाळा सरताच ओढ्यावर मातीने भरलेल्या पोत्यांचा वनराई बंधारा घालावा. मोकाट गुरांसाठी कुंपण व वणव्यासाठी बागेभोवती गवत काढलेला पट्टा ठेवावा. नवे घर बांधणाऱ्याने 22 जुलै 2021 रोजी तळिये येथे कोसळलेल्या दरडीचे स्मरण ठेवून जागा निवडावी.

चौथी गोष्ट घरातील माणसांची. पुरुष मुंबईस असताना राब भाजण्यापासून मळणीपर्यंत शेत सांभाळले ते घरातील स्त्रियांनी. कोणत्या खाचरात पाणी टिकते, कोणते बियाणे कुठे येते, हे त्यांना ठाऊक आहे. परतलेल्या धन्याने आल्याबरोबर कारभार हाती घेण्याऐवजी एक हंगाम त्यांच्या सल्ल्याने काम करावे. पत्नीचे नाव सात-बारावर लावून घेणेही तितकेच न्याय्य आहे. शहरात वाढलेल्या मुलांची शाळा व आजारपणाची सोय यांचाही विचार निर्णयाआधीच व्हावा.

अशा कुटुंबाची खरी गरज ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ओळखावी. प्रथम योजनेचा अर्ज पुढे न करता त्यांच्यासह उतारा वाचावा, शिवार फिरून पाहावे आणि पाच वर्षांच्या घरखर्चाचा हिशेब कागदावर मांडावा. गणपतीच्या दिवसांत सारे हिस्सेदार गावी असतात. वाटणीची व संमतीची बोलणी त्याच आठवड्यात उरकली, तर पुढील पावसाळ्यापूर्वी खड्डे खोदून तयार ठेवता येतात.