गंडीपेटचे पाणी

गंडीपेटचे पाणी एकदा प्यायलेला माणूस हैदराबाद सोडत नाही, असे जुने हैदराबादी अजून सांगतात. संस्थानाच्या काळात मराठवाड्यातून शिकायला किंवा नोकरीला गेलेली कितीतरी कुटुंबे तिथेच रुजली. त्याचे श्रेय पाण्याला द्यायचे की निजामाच्या पगाराला, हे ज्याचे त्याने ठरवावे.

गंडीपेट हे शहराच्या पश्चिमेचे गाव. तिथे मुसी नदी अडवून केलेल्या तलावाचे कागदोपत्री नाव उस्मानसागर. गंमत अशी, की हे धरण बांधायचे ठरले ते तहानेपायी नव्हे, पुराच्या धास्तीने.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी शहरात शिरली. पूल वाहून गेले, नदीकाठचे मोहल्ले आडवे झाले. बळींचा आकडा १५ हजारांच्या घरात सांगितला जातो. अफजलगंजमध्ये, आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात, एक चिंचेचे झाड आहे. त्याच्या फांद्यांना धरून दीडशेच्या आसपास माणसे वाचली.

पुढल्या वर्षी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावले. हा माणूस पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनिअर झालेला आणि मुंबई इलाख्याच्या नोकरीत मुरलेला. खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले ते यांनीच. त्यांना दिसले, की मुसीच्या खोऱ्यात ७८८ तळी होती आणि त्यातली २२१ त्या पावसात फुटली होती. वरचे तळे फुटले की त्याचा लोंढा खालच्यावर, अशी ती माळ. तेव्हा शहरातल्या काठाला नुसती भिंत घालून भागणार नव्हते. पूर शहराच्या वरच अडवायला हवा होता. त्यातून मुसीवर उस्मानसागर (१९२०) आणि तिची उपनदी ईसीवर हिमायतसागर (१९२७) उभे राहिले. एकाला सातव्या निजामाचे नाव, दुसऱ्याला त्याच्या थोरल्या मुलाचे.

उस्मानसागरात ३.९ टीएमसी पाणी मावते, म्हणजे खडकवासल्याच्या जवळजवळ दुप्पट. तलाव शहरापेक्षा उंचावर असल्याने पाणी पंपाशिवाय, निव्वळ उताराने आसिफनगरच्या गाळणी केंद्रात येई. विजेचे बिल नाही, की मोटार जळाली म्हणून नळ कोरडा नाही.

पण एकाच तलावाने दोन कामे करायची म्हटली की ओढाताण आलीच. पूर पोटात घ्यायचा तर तलावात जागा मोकळी हवी. शहराला वर्षभर पाजायचे तर तो काठोकाठ भरलेला हवा. सप्टेंबरअखेर भरलेल्या तलावावर मोठा पाऊस झाला, की दरवाजे उचलण्यावाचून गत्यंतर नसते.

शहर फुगले तसे या दोन तलावांचे पाणी पुरेनासे झाले. १९६५ पासून मांजरा आली, पुढे नागार्जुनसागरातून कृष्णा आणि २०१५ मध्ये गोदावरी. पाहा, तिन्ही नद्या महाराष्ट्रात उगवणाऱ्या: बीडच्या बालाघाटात, महाबळेश्वरला आणि त्र्यंबकेश्वरला. मांजरेच्याच खोऱ्यातल्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हेही इथे आठवून जाते. कृष्णा आणि गोदावरी शंभराहून जास्त किलोमीटरवरून पंपांनी उपसून आणाव्या लागतात. त्यापुढे गंडीपेटचा उतार अगदीच फुकटातला वाटतो.

१९९६ च्या १११ क्रमांकाच्या सरकारी आदेशाने दोन्ही तलावांभोवती १० किलोमीटरपर्यंत, ८४ गावांत, कारखाने, मोठी हॉटेले आणि निवासी वसाहतींना मनाई केली. एप्रिल २०२२ मध्ये तेलंगण सरकारने ही बंधने उठवली. शहराच्या पाण्यात या तलावांचा वाटा आता सव्वा टक्क्याहूनही कमी, असे त्यामागचे कारण. हिशेब पिण्याच्या पाण्यापुरता बरोबर असेल. पण धरणाचे मूळ काम त्यात धरलेलेच दिसत नाही. पाणलोटात काँक्रीट वाढले, की पावसाचे पाणी जिरत नाही, ते धावत तलावात येते.

ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत हिमायतसागराचे दरवाजे उचलावे लागले. सप्टेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात दोन्ही तलावांतून पाणी सोडले, तेव्हा मुसी थेट महात्मा गांधी बसस्थानकात शिरली आणि प्रवासी आत अडकून पडले. मुसीच्या पात्रालगतच्या या स्थानकाला हैदराबादी लोक इमलीबन म्हणतात, म्हणजे चिंचेचे बन. दीडशे माणसांना तारणारी ती चिंच तिथून फार लांब नाही.