धडा घरपोच, दुरुस्ती कुठे?

शिक्षणातल्या तंत्रज्ञानाची चर्चा निघाली की भिंतीतल्या संगणकाची गोष्ट हमखास सांगितली जाते. 1999 साली डॉ. सुगत मित्रा यांनी दिल्लीच्या कालकाजी भागात एनआयआयटीच्या कुंपणभिंतीला भोक पाडून, पलीकडच्या वस्तीकडे पडदा करून, एक संगणक बसवला. शेजारी शिक्षक नव्हता. तरी वस्तीतल्या पोरांनी बघता बघता तो चालवायला घेतला. हा प्रयोग पुढे देशात अनेक ठिकाणी झाला आणि त्यांत सिंधुदुर्गातली गावंही होती, याची आठवण मात्र क्वचित निघते. परिमला इनामदार यांनी या प्रयोगाचा अभ्यास करून 2004 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठवीच्या संगणक विषयाची परीक्षा न शिकवलेल्या मुलांनी दिली आणि वर्षभर वर्गात तो विषय शिकलेल्या मुलांपेक्षा त्यांचे गुण थोडेच कमी पडले. शिक्षकाशिवाय शिक्षण होऊ शकतं, या म्हणण्याला असा भक्कम पुरावा आपल्याच सिंधुदुर्ग जिल्ह्याने पुरवला. आज मोबाइल, दीक्षा अ‍ॅप, यूट्यूब आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या जोरावर तेच म्हणणं पुन्हा मांडलं जात असताना तो पुरावा नक्की काय सांगतो, हे नीट पाहायला हवं.

संगणक चालवणं ही अशी विद्या आहे, जिथे चूक लगेच दिसते. बटण चुकलं तर खिडकी उघडत नाही, आणि शेजारी उभी असलेली चार पोरं ‘तां न्हय, ह्यां दाब’ म्हणून ओरडतात. म्हणजे शिक्षक नसला तरी दुरुस्ती होतच होती; कधी यंत्राकडून, कधी सोबत्यांकडून. विषय अवघड झाला की काय होतं, हे खुद्द मित्रांनीच तमिळनाडूतल्या कळिकुप्पम गावात तपासलं. तिथल्या मुलांना त्यांनी संगणकावर जैवतंत्रज्ञानाचा मजकूर दिला. मुलांनी आपापली खटपट करून सुमारे 30 टक्के गुणांपर्यंत मजल मारली. पुढची मजल त्यांनी मारली ती एक ओळखीची मोठी व्यक्ती सोबत बसू लागल्यावर. गुण 50 टक्क्यांच्या आसपास गेले. त्या व्यक्तीला विषय येत नव्हता. ती फक्त विचारायची, कौतुक करायची, ‘पुन्हा दाखव बघू’ म्हणायची. नंतर मित्रांनी इंटरनेटवरून मुलांशी बोलणाऱ्या स्वयंसेवकांची जी फळी उभी केली, तिला ‘ग्रॅनी क्लाउड’ असं नावच पडलं. माणसाला वगळून सुरू झालेला प्रयोग अखेर आजीला शोधत परत आला. डिजिटल तंत्रज्ञानाने धडा पोहोचवण्याचा खर्च जवळपास शून्यावर आणला आहे. म्हणूनच चूक दाखवून ती सुधारून घेणाऱ्या माणसाची गरज आता वाढली आहे. आपली धोरणं मात्र ती कमी झाली असं धरून चालतात.

धडा पोहोचवणं हीच एके काळी सर्वांत मोठी अडचण होती. 1989 साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने आडगावच्या विद्यार्थ्यापर्यंत पुस्तकं पोहोचवली, तेव्हा ती सोय मोलाची होती. पुण्याच्या बालचित्रवाणीने 1984 पासून दूरदर्शनसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार केले. 2017 मध्ये ती संस्था बंद पडली. आता बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलसमोर धरला की त्या पाठाचा व्हिडिओ उघडतो. 2020 च्या टाळेबंदीत कणकवली तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास केल्याची बातमी देशभर गाजली. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने वीज आणि रेंज दोन्ही घालवली. अशा अडचणी खऱ्या आहेत, पण खांब आणि टॉवर वाढतील तशा त्या कमी होत जातील. पुढची अडचण टॉवरने सुटणारी नाही. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या 2024 च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वर्षांच्या मुलांपैकी 82 टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी मुलं होती 57 टक्के, आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी 76 टक्के. फोन हातात आला, धडाही त्यात आला. तो उघडून बसवायला कुणी आलं नाही.

नुसतं यंत्र वाटून भागत नाही, हे अनेकदा सिद्ध झालं आहे. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग 2007 मध्ये आपल्या कोकणातच, रायगड जिल्ह्यातल्या खैरात या लहानशा वस्तीत झाला. पुढे पेरू देशाने असे आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. तिथल्या ग्रामीण शाळांची पाहणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली, तीत मुलांच्या गणितात आणि वाचनात काहीच फरक दिसला नाही. एमआयटी आणि हार्वर्डच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचीही तीच गत: 2017-18 मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पुरा करणारे जेमतेम तीन टक्के होते. याउलट दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय सरावाचा जो अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात साडेचार महिन्यांत मुलांच्या गणितात मोठी सुधारणा आढळली. फरक कशात होता? एक तर ते यंत्र प्रत्येक मुलाची पातळी ओळखून, त्याच्या चुकीनुसार पुढचं गणित देत होतं. दुसरं म्हणजे मुलं ठरल्या वेळी केंद्रावर येत आणि यंत्रावरच्या सरावाला जोडून एक सहाय्यक लहान गटाला शिकवत असे.

धडा यंत्राचा आणि दुरुस्ती माणसाची, हीच मांडणी मालवणच्या किनाऱ्यावर अगदी उघड दिसते. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंगचं प्रशिक्षण देणारी संस्था आहे. या व्यवसायात आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचा सैद्धांतिक भाग आता मोबाइलवर शिकता येतो. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणून श्वास रोखून वर येऊ नये, फुप्फुसातली हवा फुगते. हे पडद्यावरच्या चित्रातून एखाद्या व्याख्यानापेक्षा चांगलं कळतं. मास्कमध्ये पाणी शिरलं तर मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची आणि नाकाने श्वास सोडायचा, म्हणजे हवा वर साठते आणि पाणी खालच्या कडेने निघून जातं, हेही मिनिटभरात समजतं. पण खारं पाणी नाकाला लागतं तेव्हा समजलेलं सगळं क्षणात विसरायला होतं. श्वास अडकतो, पाय मारून वर पळावंसं वाटतं. त्या वेळी समोर गुडघ्यांवर बसलेला प्रशिक्षक डोळ्यांकडे बघत असतो, हाताने ‘थांब, पुन्हा’ अशी खूण करतो, आणि ती क्रिया शांतपणे जमेपर्यंत पुढे सरकू देत नाही. म्हणून धडा फोनवर झाला तरी उथळ, सुरक्षित पाण्यातली सत्रं आणि खुल्या समुद्रातल्या बुड्या प्रशिक्षकासमोर केल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. तंत्रज्ञानाने प्रशिक्षकाचा व्याख्यानाचा वेळ वाचवला आणि तो पाण्यातल्या सरावाला मोकळा झाला. जिथे चूक जिवावर बेतते, तिथे धडा आणि दुरुस्ती यांची फारकत करण्याची चैन कुणाला परवडत नाही.

मासेमारीत गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि अधिक बोलकी. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांवरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य मोजून मासळी कुठे एकवटण्याची शक्यता आहे, याचा सल्ला देते: कोणत्या बंदरापासून कोणत्या दिशेला, किती अंतरावर, किती खोलीवर. हा सल्ला मराठीतही मिळतो. पावसाळी बंदीचे 1 जून ते 31 जुलै हे दिवस सोडले तर तो तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या प्रमुखाच्या, फोनवर येऊ शकतो. पण पाण्याची ओढ बघून कोणती जाळी घ्यायची, तिथवर जाण्याचं डिझेल परवडेल का, वारा फिरला तर कुठून परतायचं, हे ठरवताना तांडेल आपली वर्षांची नजर त्या आकड्यांना जोडतो. नवा खलाशी शिकतो ते त्याच्या या जोडण्यातून, नुसत्या संदेशातून नव्हे. शिवाय माहिती सर्वांना सारखी मिळाली म्हणून लाभ सारखा होत नाही. यांत्रिक बोट सांगितलेल्या जागी जाऊ शकते. किनाऱ्यावरून ओढली जाणारी रापण कुठे जाणार? तिला मासळीची वाट पाहावी लागते. वर्गातही हेच घडतं. घरात शिकलेली माणसं असलेल्या मुलाला तोच व्हिडिओ अधिक देऊन जातो, कारण अडलं तर विचारायला त्याच्याजवळ कुणीतरी असतं.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे. माणूस हवा हे खरं, पण माणसं आहेत कुठे? सिंधुदुर्गातल्या जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांचा पट विशीच्या आत आहे. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा कमी भरली. तरुण कुटुंबं मुंबई-गोव्याकडे गेली की पहिला परिणाम शाळेच्या पटावर दिसतो. 2023 मध्ये राज्य सरकारने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करण्याचं सुचवलं, तेव्हाही खर्चाचा आणि सोयीचा प्रश्न होताच. अशा स्थितीत पडदा हा निदान ‘नाही त्यापेक्षा बरा’ पर्याय नाही का? आहे, पण पडदा कुणाच्या जागी आणि कुणाच्या हाती, यावर सगळं अवलंबून आहे. दोन शिक्षकांनी चार-पाच इयत्ता सांभाळायच्या असतात, तेव्हा एका इयत्तेचा सराव यंत्राने घ्यावा आणि शिक्षकाने दुसऱ्या इयत्तेच्या पोरांशेजारी बसावं, यापेक्षा तंत्रज्ञानाचा चांगला उपयोग नाही. तोच पडदा दाखवून दुसरं पद रिकामं ठेवलं, तर यंत्राने वाचवलेला वेळ मुलांना मिळत नाही, तिजोरीला मिळतो.

दुसरा आक्षेप निकालांचा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून झालेलं कोकण मंडळ दहावीच्या निकालात राज्यात पहिलं येतं. 2024 चा निकाल 99.01 टक्के होता, 2025 चा 98.82. मग बिघडलंय काय? काहीच बिघडलेलं नाही, उलट हे निकाल मुद्द्याच्या बाजूचेच आहेत. कमी पटाच्या शाळेत शिक्षक प्रत्येक मुलाला नावानिशी, घरच्या परिस्थितीसकट ओळखतो. कोकणच्या यशात याचा वाटा नाही असं म्हणणं कठीण आहे, आणि नेमकी हीच गोष्ट पडद्याच्या भरवशावर सोडायला आपण निघालो आहोत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. आता यंत्रच चूक दाखवतं. कृत्रिम बुद्धिमत्तेला प्रश्न विचारला की ती न कंटाळता समजावते, मग माणसाचं काम उरलं कुठे? तुर्कस्तानात सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला, 2024 मध्ये मांडलेला अभ्यास इथे उपयोगी आहे. साधा चॅटबॉट हाताशी असलेल्या मुलांनी सरावातली गणितं 48 टक्के अधिक चांगली सोडवली. तो काढून परीक्षा घेतली, तेव्हा तीच मुलं इतरांपेक्षा 17 टक्के मागे पडली. शिक्षकांच्या मदतीने, उत्तर न देता फक्त इशारा देईल अशा रीतीने बांधलेल्या चॅटबॉटने हे नुकसान बहुतांशी टाळलं. म्हणजे यंत्र दुरुस्ती करू शकतं, पण उत्तर केव्हा द्यायचं नाही हे त्याला शिकवणाऱ्यानेच शिकवावं लागतं. नोकरीतही हाच पेच आहे. एका अमेरिकी कंपनीच्या ग्राहकसेवेतल्या पाच हजारांवर कर्मचाऱ्यांच्या पाहणीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने कामाचा वेग सरासरी 14 टक्के वाढला, नवख्यांचा 34 टक्के. आणि यंत्राने नवख्यांना जे सुचवलं ते मुळात त्याच कंपनीतल्या कसलेल्या कर्मचाऱ्यांच्या संभाषणांतून उचललेलं होतं. 2025 मध्ये सिंधुदुर्गच्या जिल्हा प्रशासनाने कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू केला आणि तसं करणारा देशातला पहिला जिल्हा म्हणून नाव मिळवलं. टिपणीचा मसुदा यंत्र करू लागलं तर काम झटपट होईल, यात शंका नाही. पण नवा कारकून आजवर शिकला तो आपला मसुदा वरिष्ठांकडून लाल शाईने भरून परत आल्यावर. ती शाई वाळली, तर दहा वर्षांनी यंत्राची चूक पकडणारा वरिष्ठ कुठून आणणार?

साधन देऊन हात झटकले की काय होतं, हे राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी 2021 मध्येच दाखवून दिलं. इंग्रजीत माहिती भरायला लावणारं पोषण ट्रॅकर अ‍ॅप आणि बिघडणारे सरकारी मोबाइल यांना वैतागून त्यांनी ते फोन सरकारला परत केले. त्या शिकायला तयार नव्हत्या, असा या निषेधाचा अर्थ लावणं अन्यायाचं होईल. त्यांच्या भाषेत, त्यांच्या वेळात, शेजारी बसून शिकवण्याची तजवीज आधी व्हायला हवी होती. म्हणून प्रत्येक डिजिटल योजनेच्या अंदाजपत्रकात यंत्रांच्या ओळीखाली माणसांची एक ओळ असावी. कामावरचं प्रशिक्षण कामाच्या तासांत धरावं, घरी जाऊन रात्री उरकण्याचा व्हिडिओ म्हणून सोपवू नये. मत्स्यव्यवसायाच्या प्रशिक्षणात अनुभवी तांडेलाला मानधन देऊन शिक्षक म्हणून बोलवावं. आणि शाळेला नवा पडदा मिळाला तर त्याबरोबर एवढा एकच प्रश्न विचारावा: यामुळे शिक्षकाला मुलाच्या वहीत डोकावायला अधिक वेळ मिळाला की कमी? उत्तर ‘कमी’ असेल, तर ती योजना कितीही आधुनिक दिसली तरी शिक्षणाची नाही, फक्त वाटपाची आहे.