तुझं अर्धं, माझं अर्धं

ई-मेल झक्कास लिहिता येतात, हॉलीवूडचे सिनेमे सबटायटलशिवाय कळतात. पण कॉन्फरन्स कॉलवर ‘एनी क्वेश्चन्स?’ आलं की आपण म्यूटवर! आणि मग प्रमोशन कुणाला मिळतं? फाडफाड बोलणाऱ्याला.

बरं, महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे, तेही 2000 सालापासून. तरी असं का? साधा हिशेब करा. वर्गात साठ पोरं, तास पस्तीस मिनिटांचा. बाई पूर्ण वेळ गप्प बसल्या तरी एकेकाच्या वाट्याला पस्तीस सेकंद!

मी पुण्यात वीकेंडला ज्या क्लासला जातो, तिथला फंडा उलटा आहे. सर कमी बोलतात. जोड्या पाडतात, दोघांना एकाच बाजाररस्त्याचा नकाशा देतात. निम्मी दुकानं माझ्या कागदावर, निम्मी पार्टनरच्या. कागद दाखवायचा नाही, विचारून नकाशा पुरा करायचा. माझ्या पार्टनर बँकेतल्या एक मॅडम. त्यांना ‘अपोझिट’ आठवेना. ‘केमिस्ट... फेस टू फेस विथ टेम्पल!’ म्हणाल्या. मला दुकान सापडलं की! तासभर वीस तोंडं एकदम चालू, त्यामुळे आपल्याकडे कुणी बघतंय हे टेन्शनच नाही. चुका सर टिपून ठेवतात, शेवटी नावं न घेता फळ्यावर मांडतात.

यातलाच मोठा खेळ म्हणजे ‘जिगसॉ’. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी तो 1971 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला सुरू केला, आणि गंमत म्हणजे इंग्रजीसाठी नाहीच. काळी-गोरी मुलं नुकतीच एका वर्गात आली होती, वातावरण तंग होतं. त्यांनी धड्याचे तुकडे केले, प्रत्येकाला एकेक दिला. तो त्यानं बाकीच्यांना शिकवायचा. कोपऱ्यातल्या गप्प पोराकडेही एक तुकडा, म्हणजे त्याचं ऐकणं भागच!

नुसतं ‘ग्रुप डिस्कशन करा’ म्हटलं की मात्र एकच हिरो बोलतो, बाकीचे माना डोलावतात. आणि सगळे मराठी असले की पाचव्या मिनिटाला गाडी मराठीवर. आमच्याकडे त्यासाठी प्रत्येक ग्रुपमध्ये एक ‘पोलीस’ असतो.

हे ऑफिसातही जमतं. लंचनंतर दहा मिनिटं, दोघंजण, गोव्याची ट्रिप. एकाकडे ट्रेनच्या वेळा, दुसऱ्याकडे हॉटेलचे रेट. कागद लपवा, प्लॅन करा. आमच्या टीममधल्या दोघांचं हॉटेल ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’च्या घोळात थेट तीस हजारांवर गेलं. मग काय, आकडे पुन्हा विचारले. इंग्रजीतच!